वंशावळीच्या वह्या आणि बंद पडलेली हार्ड डिस्क: पंचवटीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या रामकुंडावर श्राद्ध-तर्पणासाठी आलेल्या यजमानाला उपाध्ये आधी गाव विचारतात, मग आडनाव. तेवढ्यावरून कपाटातली नेमकी वही निघते आणि त्या वहीत यजमानाच्या पणजोबांच्या हातची ओळ सापडते: कोण आलं, कुठल्या गावाहून, सोबत कोण होतं, शके कोणतं. पंचवटीतल्या अनेक उपाध्ये घराण्यांकडे अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. जुन्या नोंदी बऱ्याचशा मोडीत, अलीकडच्या देवनागरीत.

हे प्रकरण अशाच एका घरातलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

घरातल्या गुरुजींनी 2017 मध्ये वह्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेरा स्टँडवर उलटा बांधायचा, वही खाली चौरंगावर उघडायची आणि एकेक पान टिपायचं. प्रत्येक फोटोला नाव ठरलेलं: वहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक. काही वर्षांत सुमारे तीस हजार पानं झाली. त्याच्या जोडीला सूनबाईंनी एक्सेलमध्ये सूची करायला घेतली. दुपारी कामातून सवड मिळाली की गुरुजी मोडी वाचून दाखवत आणि त्या टाइप करत: गाव, आडनाव, कर्त्या पुरुषाचं नाव, शके, वही, पान. ही सूची वीस हजार ओळींवर गेली होती. गुरुजी पंच्याहत्तरी ओलांडलेले आहेत, नजर अधू झाली आहे आणि घरात सराईतपणे मोडी वाचणारे ते एकटेच. म्हणजे फोटो पुन्हा काढता आले असते, पण सूची पुन्हा तशीच होईल याची कोणी खात्री देऊ शकलं नसतं.

मध्येच 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. घराच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि दोन वह्या भिजल्या. वाळल्यावर त्यांची पानं एकमेकांना चिकटली. सोडवायला गेलं की शाईसकट पापुद्रा निघे. या दोन वह्यांचे फोटो पुराच्या आधीच काढून झाले होते. त्या वेळी घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पुढे ती गोष्ट मागे पडली.

हे सगळं, फोटो आणि सूची दोन्ही, 2 टीबीच्या एका पोर्टेबल ड्राइव्हवर होतं. दुसरी प्रत नव्हती. ‘कॉम्प्युटरवर आहे’ म्हणजे ते सुरक्षित आहे, असा घरातल्या सगळ्यांचा समज होता. बिघडलेल्या ड्राइव्हांचं काम करताना हा समज मला इतक्या घरांत आणि कार्यालयांत भेटतो, की त्यासाठी या घराला वेगळा दोष देणं मला पटत नाही.

काय बिघडलं

2024 च्या जुलैत, पितृपक्षाची गर्दी सुरू व्हायला दोन महिने असताना, ड्राइव्हच्या वायरीत कोणाचा तरी पाय अडकला. ड्राइव्ह चौरंगावरून फरशीवर पडला. उंची जेमतेम वीतभर, पण तो चालू होता आणि सूचीची फाइल त्यावरूनच उघडलेली होती. एक्सेल अडकून बसलं, शेवटी लॅपटॉप बटण दाबून बंद करावा लागला.

चालू आणि बंद यातला फरक इथे फार महत्त्वाचा आहे. बंद ड्राइव्हमध्ये हेड, म्हणजे तबकड्यांवरचा डेटा वाचणारे-लिहिणारे बारीक भाग, तबकड्यांच्या बाहेर, ठरलेल्या उतरणीवर विसावलेले असतात. चालू असताना तेच हेड फिरत्या तबकडीवर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतात. म्हणून लहान पोर्टेबल ड्राइव्ह बंद असताना जेवढा धक्का सोसतात, त्याच्या निम्म्याहूनही कमी धक्का ते चालू असताना सोसू शकतात. वीतभर उंचीही पुरेशी ठरते.

पडल्यावर ड्राइव्ह लगेच मेला नाही. लॅपटॉपला पुन्हा जोडल्यावर तो दिसला, फक्त फोल्डर उघडायला मिनिट-दोन मिनिटं लागू लागली. तीन-चार दिवस असेच गेले. मग विंडोजने ड्राइव्हमध्ये दोष असून तो तपासून दुरुस्त करावा अशी सूचना दाखवली. पुतण्याने ती मान्य केली आणि तपासणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी ड्राइव्हवर ‘फाउंड’ नावाचा नवाच फोल्डर होता, त्यात क्रमांक घातलेल्या अनोळखी फायली होत्या आणि वह्यांचे काही फोल्डर रिकामे दिसत होते. दुपारपर्यंत ड्राइव्हमधून टिक्‌-टिक्‌ असा आवाज येऊ लागला.

त्या रात्री काय झालं ते समजून घ्यायला हवं. विंडोजने रात्रभर चालवलेलं चेक-डिस्क हे साधन फाइल सिस्टिमची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची, नोंदवही सुसंगत करण्यासाठी आहे, तुमच्या फायली वाचवण्यासाठी नाही. ज्या नोंदीचा मेळ लागत नाही, ती ते तोडतं किंवा बाजूला काढतं. निरोगी ड्राइव्हवर वीज गेल्यामुळे घोळ झाला असेल, तर ते उपयोगी पडतं. इथे घोळ फाइल सिस्टिममध्ये नव्हता. एक हेड नीट वाचत नव्हता. न वाचता आलेली नोंद म्हणजे चुकीची नोंद असं गृहीत धरून साधनाने ड्राइव्हवर लिहिलं आणि अशक्त हेडला रात्रभर त्याच त्या जागी फिरवलं.

त्यानंतर ड्राइव्ह एका दुकानात गेला. तिथे फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर थेट त्याच ड्राइव्हवर चालवलं गेलं. काही हजार फोटो निघाले, पण नावाशिवाय. असं सॉफ्टवेअर नोंदवही बाजूला ठेवून, जेपीईजी फाइल ज्या खुणेने सुरू होते ती खूण सेक्टरमागून सेक्टर, म्हणजे डेटाच्या एकेका छोट्या तुकड्यात, शोधत जातं. फोटो मिळतो, पण तो कुठल्या वहीचं कितवं पान हे कळत नाही, आणि सूची तर वही-पानावरच बांधलेली. पुढे वेग मंदावला तेव्हा दुकानदाराने झाकण उघडून हेड हलवून बघण्याची तयारी दाखवली. शेजारून कोणी फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्लाही दिला. गुरुजींनी दोन्हीला ठाम नकार दिला: “पेटी उघडायची नाही. आधी चार ठिकाणी विचारतो.” माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वात मोलाचा निर्णय होता. साध्या खोलीतल्या हवेतला धुळीचा कण हेड आणि तबकडी यांच्यामधल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. आणि पावसाळ्यातल्या नाशिकच्या हवेत फ्रीझरमधून बाहेर काढलेल्या ड्राइव्हवर दव धरायला कितीसा वेळ लागणार?

पहिली तपासणी

ड्राइव्ह माझ्याकडे आला तेव्हा तो एकदाच सुरू करायचा आणि त्या एकाच वेळी जेवढं कळेल तेवढं घ्यायचं असं ठरवलं. विंडोजच्या मशीनला तो जोडला नाही, कारण विंडोज दिसलेला ड्राइव्ह लगेच उघडायला आणि त्यावर लिहायला जातं. आपोआप जोडणी बंद ठेवलेल्या लिनक्स मशीनला लावला.

मॉडेलचं पूर्ण नाव आणि 2 टीबी क्षमता बरोबर दिसली. ही आशेची खूण होती. ड्राइव्ह स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, तबकडीवरच्या राखीव भागातून वाचून घेतो. तो भाग वाचता आला नाही, तर क्षमता शून्य दिसते किंवा नावाऐवजी काहीतरी सांकेतिक अक्षरं येतात. इथे राखीव भाग वाचला जात होता, म्हणजे सगळे हेड गेलेले नव्हते. ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवतो, त्या ‘स्मार्ट’च्या नोंदींमध्ये वाचायचे राहिलेले सेक्टर हजारोंनी होते. सुरुवातीचे काही सेक्टर झटकन वाचले गेले, मग अडकला, दोनदा टिकटिकला, पुन्हा वाचू लागला. काही पट्टे निर्मळ आणि काही पट्टे अजिबात नाहीत, असं आलटून पालटून होऊ लागलं की संशय एखाद्या हेडवर जातो. ड्राइव्ह बंद केला.

आणखी एक गोष्ट ड्राइव्हच्या सर्किट बोर्डाकडे पाहून कळली. यूएसबीचं खोबण थेट ड्राइव्हच्या बोर्डावरच होतं. अशा काही मॉडेलांमध्ये पासवर्ड ठेवलेला नसला तरी डेटा बोर्डावरची चिप कूटबद्ध करूनच तबकडीवर लिहिते. म्हणून मूळ बोर्ड जपायचा, हरवायचा नाही, ‘तसाच दुसरा’ लावून बघायचा नाही. ही सूचना मी पाकिटावरच लिहून ठेवली.

समोरचे पर्याय

पुन्हा सॉफ्टवेअर चालवणं हा पर्याय लगेच बाद केला. जो ड्राइव्ह टिकटिकतो, त्याच्यावर थेट शोध चालवायचा नाही.

दुसरा पर्याय जीएनयू डीडीरेस्क्यूचा होता आणि तो सहज सोडून देण्यासारखा नाही. हे मोफत साधन ड्राइव्हची सेक्टर-सेक्टर प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवतं. आधी जे सहज वाचता येतं ते घेतं, अडलं की पुढे उडी मारतं, अवघड जागा शेवटी खरवडतं. काय झालं आणि काय राहिलं याचा नकाशा फाइलमध्ये ठेवत असल्याने मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. नंतरचं सगळं काम प्रतीवर करायचं, मूळ ड्राइव्हला हात लावायचा नाही. ड्राइव्ह पडल्यानंतरच्या पहिल्या दिवशी हा माझ्याकडे आला असता, तर मी हेच केलं असतं. पण डीडीरेस्क्यूला कोणता सेक्टर कोणत्या हेडखाली येतो हे कळत नाही. उडी मारून ते पुन्हा त्याच आजारी हेडवर जाऊन पडू शकतं, आणि तो हेड तुटून तबकडीवर घासला तर मॅग्नेटिक थरच खरवडला जातो. मग जगातली कोणतीही प्रयोगशाळा तो भाग परत आणू शकत नाही.

तिसरा पर्याय प्रयोगशाळा, पण झाकण न उघडता. तिथल्या उपकरणांनी ड्राइव्हशी फर्मवेअरच्या पातळीवर बोलता येतं, आजारी हेड बंद ठेवून बाकीच्या हेडांखालचा भाग आधी उतरवता येतो. चौथा पर्याय प्रयोगशाळेत थेट हेड बदलणं. पाचवा, ड्राइव्ह सोडून द्यायचा आणि वह्यांचे फोटो पुन्हा काढायचे.

पाचव्या पर्यायाने घरात वाद झाला. पुतण्याचं म्हणणं, वह्या तर आहेतच कपाटात, मग एवढा खर्च कशाला? त्याच्या प्रश्नात तथ्य होतं आणि त्याचं उत्तर मी देऊ शकत नव्हतो. म्हणून पर्याय निवडण्याआधी त्यांच्या घरी बसून एक यादी करायचं ठरलं.

यादी

या प्रकरणातून मला काही सांगायचं असेल तर ते या यादीबद्दल. ड्राइव्हवर किती जीबी आहेत याने काहीच ठरत नाही. त्यातलं काय पुन्हा करता येणार नाही, आणि त्यातलं काय आणखी कुठेतरी आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचा प्रत्येक रुपया आणि ड्राइव्हचं उरलेलं आयुष्य कुठे खर्च करायचं ते ठरतं. ही उत्तरं तंत्रज्ञाकडे नसतात, घरच्यांकडे असतात, आणि घाबरलेल्या माणसाला ती एकदम आठवत नाहीत. शांत बसून विचारावं लागतं.

सूनबाई पहिल्यांदा म्हणाल्या, “सगळंच हवंय हो.” मग हळूहळू बोलणं सुरू झालं. सूची शेवटची कधी कोणाला पाठवली होती? दिवाळीत पुण्याच्या चुलतभावाला मेल केली होती. ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये ती सापडली. आठ महिने जुनी, पण धड. लॅपटॉप दाबून बंद केला तेव्हा एक्सेल उघडं होतं का? हो. मग लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर एक्सेलची आपोआप जपलेली प्रत असण्याची शक्यता होती. एक्सेल नीट बंद केलं तर ती पुसली जाते, पण इथे ते नीट बंद झालंच नव्हतं. वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ती निघाली, ड्राइव्ह पडला त्याच दिवसाची. दिवाळीच्या प्रतीशी ताडून पाहिली. जुन्या ओळी जुळल्या, नव्या ओळी जागेवर होत्या. गुरुजींनी डोळे मिटून हात जोडले. ज्या फाइलसाठी सगळे रडकुंडीला आले होते, ती सारा वेळ त्याच खोलीतल्या लॅपटॉपमध्ये होती.

मग कॅमेऱ्याचं कार्ड. शेवटच्या काही वह्यांनंतर ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं होतं, पण त्यावर नवे फोटो काढले नव्हते. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुधा फक्त नोंदी पुसतं. कार्डाची प्रत काढून तिच्यावर फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि त्या वह्या परत मिळाल्या. नावं गेली होती, पण प्रत्येक फोटोत काढल्याची वेळ असते आणि पानं ओळीनेच टिपलेली. वेळेनुसार लावली की पानांचे क्रमांक आपोआप आले. हीच युक्ती पुढे दुकानातून आलेल्या निनावी फोटोंपैकी बऱ्याच फोटोंना लागू पडली.

यानंतर वह्यांची पाळी आली. कपाटातली प्रत्येक वही बाहेर काढून पाहिली. बहुतेक वह्या धडधाकट, पुन्हा फोटो काढण्याजोग्या. काही इतक्या ठिसूळ की पान उलटताना कडा गळतात. त्यांना पुन्हा हाताळणं टाळलेलं बरं. आणि सर्वात शेवटी त्या पुरात भिजलेल्या दोन. तेव्हा गुरुजींच्या लक्षात आलं की या दोन वह्यांची वाचता येईल अशी प्रत त्या बंद पडलेल्या ड्राइव्हखेरीज कुठेच नाही. सूचीत त्यांच्यातली गावं आणि कर्त्यांची नावं होती, पण पूर्ण वंशावळ, सोबत आलेल्या माणसांची नावं, यजमानांच्या स्वतःच्या हातच्या ओळी फक्त फोटोत होत्या. साडेसहाशेच्या आसपास पानं.

पुतण्याचा प्रश्न इथे मिटला. प्रयोगशाळेत जायचं, पण ‘सगळं काढून द्या’ म्हणून नाही. आधी या दोन वह्या, मग ठिसूळ वह्या, मग जमेल ते.

काय केलं

नाशिकमध्ये हेड बदलण्याची सोय असलेली जागा मला माहीत नव्हती, म्हणून मुंबईची निवड केली. कुरिअरऐवजी पुतण्या स्वतः ड्राइव्ह घेऊन पंचवटी एक्सप्रेसने गेला. अँटिस्टॅटिक पिशवी, भोवती जाड फोम, आणि पिशवी वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर. आधीच पडलेल्या ड्राइव्हसाठी एवढी काळजी घ्यायलाच हवी. प्रयोगशाळेशी लेखी ठरवलं: दोन टप्पे, प्रत्येक टप्प्याची किंमत आधी, आमच्या होकाराशिवाय झाकण उघडायचं नाही, काम संपल्यावर त्यांच्याकडच्या प्रती पुसायच्या. हजारो कुटुंबांची नावं, गोत्रं, गावं दुसऱ्याच्या हातात देत होतो, तेव्हा ही शेवटची अट गुरुजींनी स्वतः घालायला लावली.

पहिल्या टप्प्यात त्यांनी आधी ड्राइव्हची पार्श्वभूमीतली कामं बंद केली. या ड्राइव्हमध्ये शिंगल्ड पद्धतीने, म्हणजे मंगलोरी कौलांसारखे एकावर एक थोडे चढलेले ट्रॅक लिहिलेले होते. असा ड्राइव्ह नुसता जोडून ठेवला तरी आतल्या आत डेटा हलवत, पुन्हा लिहीत राहतो. बिघडलेल्या अवस्थेत ते घातकच. मग चारपैकी जो हेड आजारी होता तो वगळून बाकी तिघांखालचा भाग उतरवला. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमची मुख्य नोंदसारणी आधी घेतली. तिच्यात प्रत्येक फाइलची नोंद बहुधा 1024 बाइटची असते, म्हणजे लाखभर फायलींची सारणीसुद्धा 100 एमबीच्या घरात. ती मिळाली की कोणती फाइल कोणत्या नावाची आणि तबकडीवर कुठे आहे हे कळतं, आणि मग ‘या दोन वह्या आधी’ असं सांगता येतं.

या टप्प्यातून सुमारे तीन चतुर्थांश फोटो नावांसकट पूर्ण मिळाले. चारपैकी एक हेड बंद असताना साधारण एवढंच मिळणार. ड्राइव्ह डेटा आळीपाळीने एकेका हेडखाली लांब पट्ट्यांनी लिहितो, त्यामुळे बरेच फोटो एकतर पूर्ण मिळतात किंवा पूर्ण जातात. पट्ट्याच्या सीमेवर पडलेले फोटो तेवढे अर्धवट, खाली करडा पट्टा असलेले. भिजलेल्या दोन वह्यांपैकी दीडशेच्या आसपास पानं राहिली.

आता खरा निर्णय होता. पहिल्या टप्प्याचा खर्च तशाच नव्या ड्राइव्हच्या दोन-तीनपट झाला होता. दुसरा टप्पा, म्हणजे हेड बदलणं, त्याच्या दुप्पट. शिवाय सुटे हेड काढण्यासाठी त्याच मॉडेलचा, जुळत्या फर्मवेअरचा दाता ड्राइव्ह शोधून विकत घ्यायचा. यशाची हमी नाही. घरात दोन तट पडले. मी गुरुजींना एवढंच सांगितलं की आता धोका पैशाचा आहे, डेटाचा नाही. तीन हेडांखालचं सगळं सुखरूप उतरवून झालं आहे. झाकण उघडताना काही बिनसलं तरी हातात आलेलं जाणार नाही. आधीच हेड बदलले असते तर हे म्हणता आलं नसतं.

गुरुजींनी होकार देण्याआधी आणखी एक वाट सुचवली, आणि ती कोणत्याही तंत्रज्ञाला सुचली नसती. गेली काही वर्षं ते यजमानांना त्यांच्या घराण्याच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत आले होते. त्यांच्या स्वतःच्या फोनमधून ते कधीच पुसले गेले होते, पण यजमान असा फोटो पुसत नाही. सूनबाईंनी सूचीवरून राहिलेल्या पानांची गावं काढली आणि गुरुजींनी एकेकाला फोन लावले. “आपल्या घराण्याचं पान पाठवलं होतं, ते परत पाठवता का?” इंदूर, संगमनेर, जळगाव, बडोदा. व्हॉट्सॲपने फोटो लहान केलेले होते, तरी अक्षर वाचता येत होतं. तीसेक पानं अशी घरी परत आली. काही यजमानांनी पानासोबत गेल्या दहा वर्षांतले जन्म-मृत्यूही कळवले आणि वह्यांमध्ये ताज्या नोंदी झाल्या.

मग दुसऱ्या टप्प्याला होकार दिला. प्रयोगशाळेला जी यादी दिली तिच्यात यजमानांकडून आलेली पानं वगळलेली होती. बसवलेले परके हेड किती तास टिकतील हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून क्रमाला महत्त्व असतं. आधी फक्त त्या दोन वह्यांचे राहिलेले सेक्टर वाचले, मग ठिसूळ वह्यांचे. काही तासांनी नवा हेडही मंदावला, आणि तिथे काम थांबवलं.

हाती काय आलं

सूची पूर्ण. भिजलेल्या दोन वह्यांपैकी वीसेक पानं सोडून सगळी; त्या वीसांतल्या काहींचा वरचा अर्धा भाग वाचता येतो. ठिसूळ वह्यांचे बहुतेक फोटो. धडधाकट वह्यांपैकी जे फोटो गेले ते पुन्हा काढणं चालू आहे. पितृपक्षात गुरुजींनी सूची वापरली.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी ड्राइव्ह पडल्यानंतरच्या त्या तीन-चार दिवसांत होती. ड्राइव्ह मंद झाला होता पण वाचत होता. त्या वेळी भिजलेल्या दोन वह्यांचे फोल्डर आधी कॉपी केले असते, तर बहुधा प्रयोगशाळेची गरजच पडली नसती. पडलेला ड्राइव्ह ‘चालतोय’ हे पाहून माणूस निश्चिंत होतो आणि काम सुरू ठेवतो; वास्तविक तीच उचलाउचल करायची वेळ असते. मौल्यवान फायली आधी, हळूहळू, आणि आवाज बदलला की बंद.

दुरुस्तीची सूचना मान्य केली नसती तर फोल्डर रिकामे झाले नसते आणि हेडही कदाचित आणखी काही दिवस तगला असता. पुतण्याला याबद्दल बोल लावावा असं मला वाटत नाही. ती सूचना पडद्यावर येते तेव्हा ‘आधी प्रत काढा’ असा साधा इशाराही सोबत येत नाही.

दुकानात मूळ ड्राइव्हवर शोध चालवणं टाळायला हवं होतं. नाशिकमध्ये दुरुस्तीला ड्राइव्ह देणाऱ्या प्रत्येकाने विचारावं: तुम्ही आधी प्रत काढणार आहात का, आणि काम प्रतीवर करणार आहात का? उत्तर गोलमोल आलं तर ड्राइव्ह परत घ्यावा.

आम्ही केलेल्या क्रमावरही एक प्रश्न उरतो. काही जाणकार म्हणतील की थेट हेड बदलून चारही हेडांनी एकदम सगळं उतरवलं असतं, तर दोनदा खर्च झाला नसता. ड्राइव्हचे सगळेच हेड अशक्त असते तर मीही तेच सुचवलं असतं. तीन हेड ठणठणीत असताना ते आधी वापरून घेणं मला अजूनही बरोबर वाटतं.

आता घरात दोन ड्राइव्ह आहेत, आणि तिसरी प्रत नाशिकरोडला लेकीकडे. सूचीची एक प्रत ऑनलाइन, शिवाय दर अमावास्येला ती चुलतभावाला मेल होते. गुरुजींना तारखेपेक्षा तिथी लक्षात राहते म्हणून तसं ठरलं. नुसती कॉपी करून भागत नाही. दर वेळी कोणतेही दहा फोटो उघडून पाहायचे आणि फायलींची चेकसम, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा पडताळणी-आकडा, ताडायची, हे काम पुतण्याने अंगावर घेतलं आहे. सूची छापून तिची कापडी बांधणीची वहीही केली आहे. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्यावी का, असं त्यांनी विचारलं होतं. रोजच्या कामाला जरूर घ्यावी, ती पडली तरी हेड आपटायचा प्रश्न नाही. पण महिनोन्‌महिने कपाटात बंद ठेवायच्या प्रतीसाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

दुसऱ्या टप्प्यावर खर्च केलेला पैसा सार्थकी लागला का, यावर घरात अजून एकमत नाही. पुतण्याच्या मते नव्वदेक पानांसाठी ती रक्कम फार झाली. माझं मत वेगळं आहे. 2027 च्या सिंहस्थाला त्या दोन वह्यांमधल्या गावांचे लोक रामकुंडावर येतील आणि आपल्या घराण्याचं पान मागतील. त्यातल्या बहुतेकांना ते दाखवता येईल. ज्या वीसेक पानांचं जमलं नाही, त्यांची गावं सूनबाईंनी सूचीत वेगळ्या रंगात ठेवली आहेत, आणि चिकटलेली पानं सोडवता येतात का हे विचारण्यासाठी गुरुजी पुण्याला कागदाचं संवर्धन जाणणाऱ्यांकडे दोन्ही वह्या घेऊन जाणार आहेत.